पाऊस आभाळातला, हिशेब जमिनीतला

वाशीम जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मालेगाव, मानोरा, कारंजा या भागांतल्या एखाद्या टेकडीवरून खाली उतरत आलो, तर दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात झाडोरा तीनदा बदललेला दिसतो. मुरमाड उतारावर साग असतो. खाली खोल काळ्या रानाच्या बांधावर आणि नाल्याकाठी बाभूळ असते. पावसाळ्यात पाणी तुंबून राहणाऱ्या सखल, चिकण जागी पळस टिकून असतो. या तिन्ही ठिकाणी पाऊस तोच, ऊन तेच आणि वाराही तोच. मग झाडे वेगळी का?

हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले ‘पाऊस’ असे उत्तर देतात. ते इथे उपयोगी पडत नाही. आता याच्या जोडीला दुसरे कोडे ठेवू. सैबेरियातील याकुत्स्क या शहरी वर्षभरात जेमतेम २४० मि.मी. पाऊस व बर्फ पडतो, म्हणजे वाशीमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. नुसत्या या आकड्यावरून तिथे खुरट्या गवताचे माळ असावेत असे वाटेल. प्रत्यक्षात तिथे लार्च या सूचिपर्णी वृक्षाची शेकडो किलोमीटर पसरलेली अरण्ये आहेत.

दोन्ही कोड्यांची किल्ली एकच आहे: मुळाजवळच्या मातीचे तापमान आणि त्या मातीतला ओलावा. ही किल्ली विज्ञानाच्या हाती यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्या वाटेवर सैबेरियातली एक विहीर, जर्मनीतल्या तंबाखूच्या कुंड्या, पुण्याची काळी माती आणि आलापल्लीचे साग अशी ठिकाणे लागतात. या लेखात आपण त्याच वाटेने जाणार आहोत.

पर्जन्यमानाचा नकाशा

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रांडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याच दशकात भुसावळ–नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून टाकला जात होता. रुळांखालच्या पट्ट्यांसाठी आणि पुलांसाठी लाकूड हवे होते, आणि सागाइतके टिकाऊ लाकूड दुसरे नव्हते. त्यामुळे साग कोठे वाढतो आणि तोडण्याजोगा व्हायला त्याला किती वर्षे लागतात, हे सरकारी खजिन्याचे प्रश्न बनले.

ब्रांडिस यांनी १८७० च्या दशकात देशभरच्या पर्जन्यमानाच्या नोंदी आणि अरण्यांचे प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहिले. भरपूर पावसाच्या पट्ट्यात सदाहरित अरण्ये, मध्यम पावसाच्या पट्ट्यात पानझडी आणि अगदी कमी पावसात काटेरी झुडपे, असा मेळ त्यांना दिसला. देशाच्या नकाशावर पाहताना हा मेळ आजही बराचसा खरा ठरतो. पुढे १९३६ मध्ये एच. जी. चॅम्पियन यांनी भारतीय वनांचे वर्गीकरण केले, त्यातही पर्जन्यमानाला मोठे स्थान होते. आपल्या विदर्भातील बरीचशी जंगले या वर्गीकरणात दक्षिणेकडील उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वनांत बसतात.

पण देशाच्या नकाशावर जे चालते ते एका शिवारात चालत नाही. एकाच पर्जन्यमापकाच्या टप्प्यात साग, बाभूळ आणि पळस वेगवेगळ्या जागा धरून उभे असतील, तर त्यांच्यातला भेद पर्जन्यमापक सांगू शकणार नाही. पाऊस जमिनीवर पडल्यानंतर त्याचे काय होते, हे पाहणे भाग होते.

गोठलेली विहीर

मातीच्या आतले तापमान मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रसंग घडला तो पाण्याच्या शोधातून. याकुत्स्क येथे फ्योदर शेर्गिन या रशियन व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याने १८२८ मध्ये विहीर खणायला घेतली. माती गोठलेली, म्हणून आणखी खोल खणले. तरीही गोठलेलीच. १८३७ पर्यंत विहीर ११६ मीटर खोल गेली, पण पाणी लागले नाही आणि गोठलेली जमीनही संपली नाही. १८४४ मध्ये अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने या विहिरीच्या भिंतींत निरनिराळ्या खोलीवर तापमापक बसवून नोंदी घेतल्या. वर्षानुवर्षे शून्य अंशाखाली राहणारी जमीन असते, आणि ती फार खोलवर असते, हे त्यातून मोजमापाने सिद्ध झाले. अशा जमिनीला आज आपण पर्माफ्रॉस्ट म्हणतो. मराठीत तिला चिरगोठित जमीन म्हणता येईल.

योगायोग असा की, जवळपास त्याच वर्षांत आपल्याकडेही जमिनीत तापमापक पुरले गेले होते. तिरुवनंतपुरमच्या वेधशाळेत जॉन कॅल्डेकॉट यांनी १८४२ ते १८४५ या काळात निरनिराळ्या खोलीवरच्या मातीचे तापमान नोंदवले. एक नोंद गोठलेल्या भूमीतली आणि दुसरी विषुववृत्ताजवळची. दोन्हींचा अर्थ लावणारे गणित मात्र एकच होते. ते फ्रान्सच्या जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये मांडले होते. पृष्ठभागावरची उष्णतेची लाट खाली जाताना क्षीण होते आणि तिला उशीर होत जातो. दिवसरात्रीची लाट साधारण अर्ध्या मीटरच्या आतच विरते. उन्हाळा-हिवाळ्याची लाट काही मीटर खोल जाते. त्याखाली तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते.

याकुत्स्कच्या लार्चचे कोडे इथे अर्धे सुटते. उन्हाळ्याची लाट तिथे वरचा मीटर-सव्वा मीटर थर वितळवते. त्याखालची जमीन गोठलेलीच राहते आणि पाण्याला खाली झिरपू देत नाही. वितळलेले बर्फ, गेल्या शरद ऋतूत मातीत गोठून राहिलेला ओलावा आणि उन्हाळ्यातला थोडासा पाऊस असे सगळे पाणी मुळांच्या टप्प्यातच अडून राहते. म्हणजे २४० मि.मी. पाण्यातले फारसे वाया जात नाही. गोठलेली जमीन ही त्या अरण्याची पाण्याची टाकी आहे.

ओल्या मातीत कोमेजलेले रोप

कोड्याचा उरलेला अर्धा भाग प्रयोगशाळेत सुटला. मातीत पाणी असणे आणि ते झाडाला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जर्मन शास्त्रज्ञ यूलिउस झाक्स यांनी १८६० च्या सुमारास दाखवले. त्यांनी तंबाखूची रोपे निरनिराळ्या मातींत वाढवून पाणी तोडले आणि रोप कोमेजले त्या वेळी मातीत किती पाणी उरले आहे ते मोजले. वाळूत रोप कोमेजले तेव्हा पाणी जवळजवळ संपलेले होते. भारी मातीत मात्र बरेच पाणी शिल्लक असतानाच रोपाने मान टाकली.

त्यांचा दुसरा प्रयोग आमच्या मते प्रत्येक शिक्षकाने मुलांना सांगावा असा आहे. झाक्स यांनी तंबाखू व भोपळ्याच्या जातीच्या रोपांची माती ओलीच ठेवली, पण ती ३ ते ५ अंश सेल्सियसपर्यंत थंड केली. वरची हवा उबदार होती. रोपे कोमेजली. माती पुन्हा गरम करताच ती टवटवीत झाली. थंड पाणी अधिक दाट व संथ होते आणि थंड मुळांच्या पेशीपटलांतून ते सहजी आत शिरत नाही. कोबीसारखी काही रोपे मात्र त्याच थंडीत तग धरून राहिली. म्हणजे सवयीच्या हवामानाप्रमाणे झाडाझाडांत फरक होता.

१८९८ मध्ये आंद्रेआस शिम्पर यांनी या विचाराला नाव दिले. ज्या जमिनीत पाणीच नाही ती भौतिकदृष्ट्या कोरडी. ज्या जमिनीत पाणी आहे पण झाडाला घेता येत नाही ती शरीरक्रियेच्या दृष्टीने कोरडी. थंड जमीन या दुसऱ्या प्रकारची. १९१२ मध्ये अमेरिकेत ब्रिग्ज आणि शान्त्स यांनी अनेक वाणांवर मोजमापे करून प्रत्येक मातीचा कोमेजबिंदू ठरवण्याची रीत घालून दिली.

कोमेजबिंदूचे महत्त्व वऱ्हाडच्या शेतकऱ्याला वेगळ्या शब्दांत सांगायला नको. काळ्या मातीत चिकणकणांचे प्रमाण मोठे असते. हे कण अतिशय बारीक असल्याने त्यांचे एकूण पृष्ठफळ प्रचंड असते आणि पाणी त्यांना घट्ट चिकटून बसते. भारी काळ्या मातीत वजनाच्या शेकडा वीसच्या आसपास पाणी शिल्लक असतानाही झाड तहानलेले असू शकते. उलट बाजूने, पावसाळ्यात हीच माती फुगून तिच्यातली हवेची पोकळी भरून जाते, तेव्हा मुळे गुदमरतात. या दोन टोकांमधली सुखाची अवस्था म्हणजे आपला ‘वाफसा’. एका शब्दात पाणी आणि हवा यांचा तोल सांगणारी इतकी नेमकी संज्ञा आपल्या भाषेत आधीपासून आहे.

पुण्याची काळी माती

हे ज्ञान आपल्या मातीवर तपासून पाहण्याचे काम विसाव्या शतकात पुणे-सोलापूर भागात झाले. १९२३ मध्ये व्ही. ए. ताम्हणे यांनी पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू केले. पावसाचे पाणी जमिनीत किती मुरते आणि किती काळ टिकते, हा त्यांचा विषय. १९३३ पासून सोलापूर, विजापूर अशा केंद्रांवर हे काम वाढले. एन. व्ही. कानिटकर यांनी त्या सर्वांचा आढावा १९४४ मध्ये ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ या ग्रंथात घेतला.

दरम्यान १९३२ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात कृषिहवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख होते एल. ए. रामदास. ते सी. व्ही. रामन यांचे शिष्य. कृषी महाविद्यालयाच्या शेतात त्यांनी मातीत तापमापक पुरले आणि वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या. उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो, हे या प्रकारच्या मोजमापांनी स्पष्ट झाले. रामदास व आर. के. द्रविड यांनी एक साधा प्रयोग केला. काळ्या मातीच्या एका तुकड्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. पांढऱ्या रंगामुळे ऊन परावर्तित झाले आणि केवळ पृष्ठभागाचेच नव्हे, तर खालच्या थरांचेही तापमान शेजारच्या उघड्या मातीपेक्षा लक्षणीय उतरले. एम. एस. कट्टी यांच्यासह केलेल्या अभ्यासात असेही दिसले की, कोरड्या ऋतूत मातीचा वरचा थर दिवसा बाष्प सोडतो आणि रात्री हवेतून थोडे परत घेतो.

यातून एक गोष्ट पक्की झाली. जमिनीचे तापमान आणि ओलावा हे दोन वेगळे विषय नाहीत. तापलेली माती लवकर वाळते आणि वाळलेली माती लवकर तापते, कारण बाष्पीभवनात खर्च व्हायची उष्णता आता माती तापवण्यात जाते. मार्च ते मे या काळात वऱ्हाडात हे चक्र जोरात फिरत असते.

सागाच्या बुंध्यातील नोंदवही

मातीतल्या ओलाव्याचा झाडाच्या वाढीवर खरोखर किती परिणाम होतो, हे शंभर वर्षे थांबून कोण पाहणार? सुदैवाने झाड स्वतःच नोंद ठेवते. साल व लाकूड यांच्यामध्ये ऊतककर नावाचा वाढीचा पातळ थर असतो. तो अनुकूल ऋतूत नवे लाकूड तयार करतो आणि प्रतिकूल ऋतूत थांबतो. त्यामुळे खोडात वलये पडतात. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक झाडांच्या रुंद-अरुंद वलयांचे क्रम एकमेकांशी जुळवून प्रत्येक वलयाला नेमके वर्ष देण्याची पद्धत बसवली.

उष्ण प्रदेशात सगळ्याच झाडांना स्पष्ट वलये नसतात. साग मात्र अपवाद आहे. वाढीच्या आरंभी तो मोठ्या छिद्रांचे लाकूड बनवतो, त्यामुळे वलयाची सीमा साध्या डोळ्यांनी दिसते. जे. एस. गॅम्बल यांच्या १८८१ च्या ‘मॅन्युअल ऑफ इंडियन टिंबर्स’मध्ये भारतीय लाकडांच्या अशा रचनेची वर्णने आली. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत के. ए. चौधुरी यांनी १९३९-४० मध्ये भारतीय वृक्षांतील वलये कशी व केव्हा तयार होतात याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

पुढचा टप्पा पुन्हा पुण्याचा. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत जी. बी. पंत व एच. पी. बोरगावकर यांनी ठाणे भागातील सागाची वलये आणि हवामान यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. याच संस्थेतून २००८ मध्ये मध्य भारतातील आणि २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या सागावरचे अभ्यास प्रसिद्ध झाले. सोमारू राम व बोरगावकर हे दोन्हींच्या लेखकांत होते. आलापल्ली विदर्भातलीच. वाशीमच्या सागाला लागू पडेल असा हा आपल्या सर्वांत जवळचा पुरावा.

या अभ्यासांत वलयांची रुंदी नुसत्या पावसाशी ताडून पाहिली, तशीच ती ओलाव्याच्या निर्देशांकाशीही ताडून पाहिली. या निर्देशांकामागची कल्पना सी. डब्ल्यू. थॉर्नथ्वेट यांनी १९४८ मध्ये मांडली. ती बँकेच्या पासबुकासारखी आहे. पाऊस ही जमा, बाष्पीभवन व पानांवाटे उडून जाणारे पाणी हा खर्च, आणि मातीत उरते ती शिल्लक. आलापल्लीच्या अभ्यासात अमेरिकेच्या डब्ल्यू. सी. पामर यांनी १९६५ मध्ये तयार केलेला दुष्काळ-निर्देशांकही वापरला. निष्कर्ष असा की, सागाची वाढ नुसत्या पावसापेक्षा ओलाव्याच्या शिल्लकीशी अधिक चांगली जुळते. वाढत्या तापमानाचा परिणाम उलट दिशेने होतो, कारण त्यामुळे खर्चाची बाजू फुगते. केरळातील सागांवरून तर २०१० मध्ये ५२३ वर्षांची वलयमाला प्रसिद्ध झाली आणि तिच्यातली अरुंद वलये अवर्षणाच्या वर्षांशी जुळली.

थोडक्यात, ब्रांडिस यांनी आभाळातून सुरू केलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनी मुळाशी येऊन पोहोचला.

साग आणि लार्च

आता आपल्या पहिल्या कोड्याकडे येऊ. मुरमाड उतारावर पावसाचे जादा पाणी निघून जाते. झिजलेल्या काळ्या पाषाणाच्या भेगांत मात्र ओल राहते आणि मुळे तिथवर जातात. म्हणून तिथे साग. त्याला ओल हवी, पण तुंबलेले पाणी चालत नाही. खोल काळी माती पावसाळ्यात फुगते व हवा कोंडते, आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते. तिथे साग रोडावतो आणि बाभूळ तगते. पाणी साचणाऱ्या चिकण जागेचा त्रास पळस सर्वांत जास्त सोसतो. पाऊस एकच, पण पासबुके तीन.

लार्चचेही असेच आहे. तो सूचिपर्णी असून दर शरद ऋतूत पाने गाळतो. साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतो. एकाच्या मुळाशी पाणी गोठलेले असते, दुसऱ्याच्या मुळाशी ते संपलेले असते. दोघांनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली आहे: जमीन पाणी देत नाही त्या काळात खर्च बंद ठेवायचा. फरक असा की, लार्चची वाढ केव्हा सुरू होणार हे जमीन केव्हा वितळते यावर ठरते, तर सागाची वाढ जमीन केव्हा भिजते यावर. १९९९ मध्ये येवगेनी वागानोव व सहकाऱ्यांनी दाखवले की, हिवाळ्यात जास्त बर्फ पडले आणि ते उशिरा वितळले, तर सैबेरियाच्या उत्तर भागातील झाडांची वाढही उशिरा सुरू होते.

जास्त पाणीही मारू शकते. याकुत्स्कच्या परिसरात २००४ नंतर काही वर्षे बर्फ व पाऊस वाढला. जमीन अधिक खोल वितळली, वरचा थर पाण्याने भरून राहिला, आणि पाणी तुंबलेल्या जागी लार्च मरू लागले. काळ्या रानात लावलेल्या सागाचे दुःख त्यांना समजले असते!

वृक्षारोपणापूर्वी

हा इतिहास शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण व्यावहारिक आहे. दर जुलैत शाळाशाळांतून रोपे लावली जातात. एप्रिल-मेमध्ये त्यांतली बरीच वाळतात आणि दोष कमी पावसाला दिला जातो. रोपाचे मूळ पहिल्या वर्षी वरच्या थरातच असते, आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त तापतो व सर्वांत आधी वाळतो तोही तोच थर. म्हणून खड्डा खणण्यापूर्वी दोन गोष्टी मोजाव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली, तापमान. एका उघड्या जागी आणि एका पालापाचोळ्याने झाकलेल्या जागी ५, १० व २० सें.मी. खोलीवर तापमापक ठेवून सकाळी ७ व दुपारी २ वाजता नोंदी घ्याव्यात. तापमापक घालण्यापूर्वी सळईने भोक पाडून घ्यावे, म्हणजे काच फुटणार नाही. महिनाभराच्या नोंदींचा आलेख काढला की, फूरिये यांची विरत जाणारी लाट मुलांना स्वतःच्या वहीत दिसेल आणि आच्छादनाचा फायदाही आकड्यांत कळेल.

दुसरी, ओलावा. टेकडी, काळे रान आणि सखल जागा येथून मातीचे नमुने आणून लगेच वजन करावे. मग १०५ अंशांवर २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. शाळेत भट्टी नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची मदत घ्यावी. १०० ग्रॅम ओली माती वाळून ८० ग्रॅम भरली, तर कोरड्या वजनाच्या मानाने ओलावा शेकडा २५. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल असे तीनदा हे केले तर प्रत्येक जमिनीचे पासबुक तयार होईल.

बाशीम हा १९०५ पर्यंत वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सगळ्या काळात इथे किती पाऊस पडला याच्या नोंदी सापडतात. मुळांपर्यंत किती पोहोचला, याच्या नोंदी मात्र गावोगावी अजून घ्यायच्या आहेत. दोन तापमापक, एक तराजू आणि वर्षभर न कंटाळणारा एक वर्ग एवढ्या सामग्रीवर ते काम सुरू होऊ शकते. मग कोणते रोप कोठे लावायचे, याचे उत्तर मुलांना जमिनीलाच विचारता येईल.